सतरा इंचांची संध्याकाळ

सिंगापूर ते क्वालालंपूर हवाई अंतर साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर असावं तेवढं. विमान हवेत असतं जेमतेम पाऊण तास. तरी हा रीतसर परदेशप्रवास आहे आणि त्याचे सगळे सोपस्कार यथासांग व्हावेच लागतात. पासपोर्ट हवा. दोन तास आधी पोचायला हवं. चांगी विमानतळाच्या जुन्या टर्मिनलांवर सुरक्षा तपासणी थेट बोर्डिंग गेटच्या तोंडाशी असते. तिथे रांगेत उभी असलेली शहाणीसुरती माणसं बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा पिताना दिसतात. ओतून द्यायला जीव होत नाही आणि आत तर नेता येत नाही. मग विमानात बसल्यावर लाइफ जॅकेटची शिट्टी कशी वाजवायची ते समजून घ्यायचं. खाली बहुतेक वाटभर मलेशियातल्या जोहोरचे पामचे मळे असले तरी.

माझं ऑफिस सिंगापुरात, आणि आमचे हिशेब ज्यांच्या टेबलावर अडकतात ती मंडळी क्वालालंपुरात. त्यामुळे अधूनमधून हे विमान माझ्या वाट्याला येतं, आणि येतं ते संध्याकाळचंच. कंपनीचं गणित सोपं आहे. दिवसभर इथे काम करून घ्यायचं, रात्री तिथे झोपवायचं आणि सकाळी नऊला तिथे कामाला जुंपायचं. इकॉनॉमी क्लास हे वेगळं सांगायला नको. साताऱ्याला आईला फोन केला की ती विचारते, “कितीला पोचशील?” मी म्हणते, “आठला उतरेल.” “आणि निघतेस कधी?” “सातला.” यावर ती क्षणभर थांबून म्हणते, “मग जेवायला घरीच ये की परत.”

तिला खरा हिशेब सांगत नाही. दुपारी चारला ऑफिसातून निघालेली मी हॉटेलच्या खोलीत बॅग टाकते तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात. तेवढ्याच वेळात बस पोचवते, आणि बसची खुर्ची माझ्या दिवाणखान्यातल्या खुर्चीपेक्षा ऐसपैस असते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी २०१८ साली हा जगातला सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग ठरला. वर्षाला ३० हजारांहून जास्त फेऱ्या. मधे काही वर्षं वेगवान रेल्वेची चर्चा होती. नव्वद मिनिटांत पोचवणार होती. २०१६ साली दोन्ही सरकारांनी करारावर सह्या केल्या, २०२० च्या ३१ डिसेंबरला तो करार संपला, आणि मलेशियाने सिंगापूरला दहा कोटी अठ्ठावीस लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. न धावलेल्या गाडीचं एवढं तिकीट कुणी मोजल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

गंमत अशी, की हा प्रवास एके काळी परदेशप्रवास नव्हताच. १ मे १९४७ रोजी मलायन एअरवेजचं पाच प्रवाशांचं छोटं विमान सिंगापूरच्या कलांग विमानतळावरून उडालं ते क्वालालंपूर, इपोह आणि पिनांग असं थांबत गेलं. तेव्हा सगळीकडे राज्य इंग्रजांचं. पुढे १९६३ साली सिंगापूर मलेशियात सामील झालं, आणि ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळं झालं. आकाश तेच, मळे तेच, अंतर तेच; एका रात्रीत वाट मात्र आंतरराष्ट्रीय झाली. विमान कंपनीची वाटणी व्हायला आणखी सात वर्षं लागली. १९७२ च्या ऑक्टोबरात दोन्ही देश आपापली विमानं घेऊन वेगळे निघाले. मला ती मधली सात वर्षं फार आवडतात. देश दोन, हवाईसुंदऱ्या सामाईक.

आता जागेविषयी. या मार्गावर बहुतेक अरुंद विमानं येतात, एकाच वाटेची, तीन खुर्च्या इकडे आणि तीन तिकडे. खुर्चीची रुंदी सतरा इंच. जरा दिलदार विमान असलं तर अठरा. हे सतरा इंच कुणी ठरवले याचा मी एकदा शोध घेतला. बोइंग ७३७ च्या धडाचा घेर त्याच्या थोरल्या भावाचा, ७०७ चा आहे, आणि ते ७०७ प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडालं १९५८ मध्ये. त्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत इकॉनॉमी क्लास नावाचं स्वस्त भाडं सुरू झालं. म्हणजे एकाच वर्षात आमच्या बैठकीचं मापही ठरलं आणि पायरीही. त्यानंतर जग जाड झालं, घेर तिथेच राहिला. पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर मात्र कमी करता येतं, आणि विमान कंपन्या ते करतात. माझी उंची पाच फूट एक इंच. आयुष्यात जिथे जिथे ती आड आली, त्या सगळ्याची भरपाई मला तिसाव्या रांगेत मिळते.

तरी खरी अडचण इंचांची नाही. मी डोंबिवलीहून सात वर्षं लोकलने गेले आहे. तीन बायकांच्या बाकावर चौथी सीट कशी काढतात ते मला ठाऊक आहे. ‘जरा सरका’ म्हटलं की तिघी जणी कुरकुरत का होईना, एकेक बोट सरकतात आणि हवेतून जागा तयार होते. मग ती चौथी अर्धी बाकावर, अर्धी अधांतरी बसून मेथी निवडायला घेते. विमानात हे करता येत नाही. मधे हाताचे दांडे आहेत. दांडे माणसाला एकमेकांपासून वाचवतात म्हणे. मला वाटतं ते सरकण्याची सवय मोडतात. शेजाऱ्याचं कोपर दहा मिलिमीटर इकडे आलं तरी आम्ही दोघंही समोरच्या खिशातलं सुरक्षेचं पत्रक वाचत बसतो, आणि त्या मूक भांडणात कोण जिंकलं हे उतरेपर्यंत ठरत नाही.

माणसांचं हे असं. संध्याकाळचं मात्र या वाटेवर भलतंच काही होतं, आणि मी जे सांगायला बसले ते तेच.

विषुववृत्ताजवळ संध्याकाळ अशी फारशी नसतेच. आपल्याकडे श्रावणात कशी सहा वाजल्यापासून रेंगाळते, दिवेलागणीला उंबऱ्यावर थबकते, तसला प्रकार इथे नाही. सूर्य सरळ खाली उतरतो आणि वीसेक मिनिटांत काळोख. त्यातून इथली घड्याळंही सूर्याची नाहीत. १९८२ च्या एक जानेवारीला मलेशियाने बोर्निओवरच्या आपल्या राज्यांशी वेळ जुळावी म्हणून घड्याळ अर्धा तास पुढे केलं, आणि सिंगापूरनेही लगोलग तेच केलं. नाहीतर एवढ्या जवळच्या शेजाऱ्याशी फोनवर बोलतानासुद्धा अर्ध्या तासाची बेरीज-वजाबाकी आली असती. तेव्हापासून इथे बारा महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो. सरकारी हुकमाने ताणलेली ही संध्याकाळ नेमकी आमच्या विमानाच्या वेळेला येते.

एका रमझानात मी अशीच निघाले होते. नशिबाने खिडकी मिळाली होती, डाव्या बाजूची. शेजारी साठीच्या तमिळ आंटी, क्वालालंपूरजवळच्या क्लांगच्या, सिंगापुरातल्या लेकीकडे महिनाभर राहून परत निघालेल्या. त्यांच्यापलीकडे वाटेच्या कडेला डोक्यावर काळी मखमली टोपी घातलेला एक मलय मुलगा, वीस-बावीस वर्षांचा. आंटींच्या मांडीवर पुठ्ठ्याचा चौकोनी डबा होता. आत पांदानचा केक, तो हिरवागार, कापसासारखा हलका. पांदानची पानं वासाला थेट बासमती भातासारखी, त्यामुळे डबा उघडायच्या आधीच आमच्या रांगेत कुणीतरी कुकर उतरवल्यासारखं वाटत होतं.

हवाईसुंदरी आली आणि डबा वर ठेवायला सांगू लागली. आंटी म्हणाल्या, “वर ठेवला तर चेपेल.” ती म्हणाली, “मग पुढच्या खुर्चीखाली.” आंटी म्हणाल्या, “पायाशी? खायची वस्तू?” हा युक्तिवाद तिलाही पटला असावा, कारण ती एकदम थांबली. नियम तर मोडता येत नव्हता. शेवटी मलय मुलाने स्वतःची बॅग वरच्या कप्प्यातून काढून खुर्चीखाली घातली, तिच्या जागी आपलं जॅकेट पसरलं, त्यावर डबा आडवा न होता बसवला आणि दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या बॅगा हलकेच दूर केल्या. म्हणजे सरकणं अजून शिल्लक आहे तर, वरच्या कप्प्यात का होईना. आंटी मला म्हणाल्या, “चांगला मुलगा आहे, अम्मा.” मग त्याच्याकडे वळून, “लग्न झालं?”

विमान धावपट्टीच्या रांगेत उभं राहिलं. पुढे चार-पाच विमानं होती. केबिनमधले दिवे मंद केले होते आणि खिडक्यांचे पडदे वर करायला लावले होते. अंधार पडताना असं करतात ते वातावरणनिर्मितीसाठी नव्हे. काही बरंवाईट झालंच तर डोळ्यांना आधीच काळोखाची सवय असावी आणि बाहेर काय चाललंय ते दिसावं म्हणून. त्या मंद उजेडात मुलाच्या फोनवर अजान वाजली. सिंगापुरात सूर्यास्त झाला होता. त्याने खिशातून छोटी डबी काढली, ओठ हलवून काही पुटपुटला आणि एक खजूर तोंडात टाकला. मग डबी आंटींपुढे धरली, आंटींनी माझ्यापुढे. आम्हा दोघींचा उपवास नव्हता, पण खजूर उत्तम होता.

आणि लगेच विमान उडालं. वर चढलं, डावीकडे वळलं, आणि मी खिडकीच्या काचेला कपाळ लावून पुढे पाहते तो पश्चिमेला सूर्य. नुकताच बुडालेला, आता पुन्हा वर डोकावणारा. सबंध गोल नव्हे, वरची कडा. पण लालभडक आणि नि:संशय सूर्यच. यात चमत्कार काही नाही. जितकं उंच जावं तितकं क्षितिज खाली आणि दूर सरकतं, आणि जेट विमान सूर्य बुडतो त्यापेक्षा भराभर चढतं. त्यात आम्ही वायव्येला, म्हणजे थोडं त्याच्या मागेच निघालेलो. हे सगळं मला शाळेच्या भूगोलामुळे ठाऊक आहे, आणि तरी मी “अगंबाई!” असं मराठीत ओरडले.

आंटी माझ्यावरून वाकल्या. त्यांनी पाहिलं, आणि त्या सावकाश मुलाकडे वळल्या. “अरे, सूर्य तर आहे अजून. तू खाल्लंस की!” त्या आवाजात काळजी कमी आणि आनंद जास्त होता. मुलगा हसला. त्याने मान लांब करून आमच्या दोघींपलीकडे पाहिलं. म्हणाला, जमिनीवर होतो तेव्हा जमिनीवरचा सूर्यास्त धरायचा, तो झाला होता. एकदा सुटलेला रोजा पुन्हा सुरू होत नाही. पण उपवास सोडायच्या आत विमान उडालं असतं तर मात्र वरचा सूर्य मावळेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्याच्या उस्तादांनी हे नीट समजावलं होतं. आठ-दहा ओळी पलीकडे एका कुटुंबाचं तेच झालं असावं. तिथला बाप हातात पाण्याचा पेला घेऊन खिडकीकडे टक लावून बसला होता आणि शेजारची लहान मुलगी दर अर्ध्या मिनिटाला त्याला काहीतरी विचारत होती. भाषा कळत नसली तरी प्रश्न कळत होता.

आंटी मात्र विचारात पडल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “मग दिवा कधी लावायचा?”

हा प्रश्न बिनतोड होता. घरी त्यांच्या यजमानांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, सूर्य मावळला की देवापुढे दिवा. क्लांगमध्ये सूर्य सिंगापुरापेक्षा दहाएक मिनिटं उशिरा मावळतो, कारण घड्याळ एक असलं तरी गाव पश्चिमेला आहे. म्हणजे यजमानांचा दिवा अजून लागायचा होता. सिंगापुरात लेकीचा लागून गेला होता. आणि आंटी स्वतः वीस हजार फुटांवर, जिथे सूर्य मावळून परत आलेला. माझी आजी असती तर तिने निकाल दिला असता. तिच्या मते तिन्हीसांजा म्हणजे घरातली शेवटची म्हैस गोठ्यात आली ती वेळ. सूर्याचं काय, तो आपल्या सोयीने जातो. हे मी आंटींना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि विचारलं, “म्हशी किती होत्या?”

एवढ्यात खाणं आलं. या वाटेवरच्या सेवेला मी मनापासून नमस्कार करते. पट्टे सोडण्याची घंटी वाजल्यापासून पुन्हा बांधण्याच्या घंटीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं असतात, आणि तेवढ्यात दीडशेच्या वर माणसांना काहीतरी देऊन, त्याचा कचराही परत घ्यायचा असतो. एका हाताने पुडी ठेवतात, दुसऱ्याने मागच्या रांगेतला रिकामा पेला उचलतात. त्या दिवशी नेहमीच्या शेंगदाण्यांबरोबर रोजेवाल्यांसाठी खजूरही होते. पुडी टम्म फुगलेली असते. केबिनमधला हवेचा दाब डोंगरावरच्यासारखा कमी असल्याने आतली हवा पसरते. पाण्याच्या बंद पेल्यावरची चंदेरी चकती तशीच घुमटासारखी वर आलेली. ती सरळ स्वतःकडे ओढून उघडली की पाण्याची बारीक पिचकारी नेमकी कपड्यांवर उडते. जाणकार माणूस टोकाला नखाने बारीक भोक पाडतो, आतली हवा ‘फुस’ करून जाऊ देतो, मग सोलतो. आंटी जाणकार होत्या. त्यांनी स्वतःचा उघडला, माझा उघडला, आणि मुलाचाही हात पुढे करून घेतला. दांड्यांचं भांडण तोवर कधीच मिटलं होतं. माझं कोपर त्यांच्या पदराखाली होतं आणि त्याची कुणालाच फिकीर नव्हती.

विमानाने नाक खाली केलं आणि सूर्य, जो आत्तापर्यंत क्षितिजावर टांगल्यासारखा होता, तो दगड टाकावा तसा गेला. दुसऱ्यांदा. पलीकडच्या ओळीतला बाप पाणी प्यायला. लहान मुलीने टाळ्या वाजवल्या. आंटींनी डोळे मिटून दोन्ही हात कानशिलांशी नेले आणि म्हणाल्या, “आता लावला असेल.”

पडद्याच्या पुढे बिझनेस क्लासमध्ये काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही. त्यांना गरम टॉवेल मिळतो, पाय लांब करता येतात, आणि पाऊण तासात त्या पायांचं काय करायचं हा प्रश्नही पडत असावा. एक गोष्ट मात्र त्यांना कुणी सांगत नाही. विमान उतरताना नाक वर असतं. आधी टेकतात ती पंखाखालची मोठी चाकं, आणि पुढचं चाक सर्वांत शेवटी. म्हणजे मलेशियाच्या भूमीवर आधी पोचतो आम्ही, मागचे. ते आमच्यानंतर येतात.

उतरल्यावर सगळे उभे राहतात, हे जगभर आहे. दार उघडायला दहा मिनिटं असली तरी मान वाकडी करून उभं राहायचं. मुलाने डबा उतरवून आंटींच्या हातात दिला. आंटींनी तिथेच, त्या गर्दीत, डब्याचं झाकण अर्धं उघडून केक शाबूत आहे का ते पाहिलं आणि चिमटीने कडेचा एक तुकडा तोडून त्याला दिला, एक मला. मागचा माणूस खाकरला. आंटींनी त्यालाही दिला.

पासपोर्टच्या हॉलमध्ये आम्ही वेगळे झालो. ते दोघं मलेशियन, त्यांचं दार आपोआप उघडणारं. यंत्रावर पासपोर्ट टेकवला, गेले. मी परदेशी लोकांच्या रांगेत. २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना इथे व्हिसा लागत नाही, पण रांग लागते, आणि ती त्या रात्री हवाई प्रवासापेक्षा लांब निघाली. शहरात जाणाऱ्या गाडीला पुढे अर्धा तास. गाडीत बसल्यावर शुक्रवारच्या परतीच्या विमानाची जागा पाहिली: डावी बाजू, मधली खुर्ची. परतताना विमान आग्नेयेला जातं, म्हणजे सूर्यास्त उजवीकडच्यांचा. उजव्या खिडकीसाठी विमान कंपनी वेगळे पैसे मागत होती. आकडा पाहिला. तेवढ्यात पांदानचा एक अख्खा केक येतो. मी फोन बंद केला आणि केकच घ्यायचं ठरवलं. मधल्या खुर्चीत बसणारीला दोन्हीकडे शेजारी असतात, आणि डबा मांडीवर असला की त्यांच्याशी बोलायला निमित्त लागत नाही.